शिवेवरचा नारळ

कानिफनाथ लढाईहून धडधाकट परतला, तरी भागूबाईच्या जिवाला स्वस्थता नव्हती. चैत्रातल्या सुस्त दुपारी पोरगा लिंबाखाली बसून गोदावरीपलीकडं बघत राहायचा, जणू अजून पुणतांब्यात आलाच नव्हता. इथं नवरी सासरी निघाली की शिवेवर नारळ फुटतो, मगच वऱ्हाड पुढं जातं. म्हणून दसऱ्याला पलटणीची तार आली तेव्हा तिनं त्याच्या ट्रंकेत नारळ घातला होता. लढाईला वऱ्हाडाचा रिवाज! गल्ली हसली होती, हसू दे.

"नारळ फोडला न्हाईस ना?" शेवटी तिनं विचारलंच.

"जाताना न्हाई, आई. शीवच दिसंना. इकडं भात, तिकडं भात, वर धुकं. परमुलूख कवा लागला कळलंच न्हाई."

भागूबाई त्याच्या पुढ्यात येऊन बसली. "आन येताना?"

कानिफनाथ झोपेत बोलावं तसा बोलू लागला. "येका म्हाताऱ्यानं वाटंवर बांबू आडवा धरला. लढाईपायी पळून आपल्या मुलखात आल्ता, निर्वासितांच्या छावनीतनं नुकताच घरी परतला व्हता. अंगावर फाटकी लुंगी, पर बांबूला नव्या देशाचा झेंडा. म्हनला, आलात तवा मी न्हवतो, आता मला इचारून जा. समदे हसले. म्या नारळ त्याच्या हातात दिला. त्यानं फोडला, अर्धा मला दिला. म्हनला, तुज्या गावाला यीन."

"मंग यू दे की!"

"आता कागद लागत्यात आई, दोन देश हायेत."

"आपली आन शेजारच्या राहात्याची शीव येक हाय का? तरी लेकी दिल्या, बाजार येक केला. नारळ फोडायचा नि जायचं."

"देशांचं बी हुईल तसं, कवातरी," तो दूर बघत म्हणाला.

तेवढ्यात भागूबाईनं कपाळावर हात मारला. पोरगा आगगाडीनं थेट ठेसनात उतरला होता. आपल्याच शिवेवर त्याचा नारळ राहिला होता! देवापुढचा नारळ उचलून तिनं त्याला हाताला धरून शिवेवर नेलं, ओवाळलं आणि दगडावर नारळ फोडला. कानिफनाथानं पाऊल आत टाकलं. अर्धा नारळ तिनं पदरात बांधला.

"ह्यो कुनाला?"

"त्या म्हाताऱ्याला. वाळवून खोबरं करते, टिकंल. सरकारांना उशीर लागंल."

कानिफनाथ खळखळून हसला. कित्येक महिन्यांनी.

"चल आई, भूक लागली," तो म्हणाला, आणि भागूबाईला रडू आवरेना.