किरकोळ धोक्याचा माल

तुकडा सापडला तो आगवालीच्या बुटाखाली. अंगठ्याच्या नखाएवढा, काळा, एका अंगाने वाकलेला, कडा वस्तऱ्यासारख्या. पडला होता पत्र्यांच्या पलीकडे, आणि पत्र्यांच्या पलीकडे काहीही पडायला नको होतं.

आगवालीची प्रयोगशाळा म्हणजे वस्तीपासून लांब असलेलं एक ओसाड मैदान. मधोमध खड्डा, खड्ड्यावर लोखंडी जाळी, जाळीवर मालाची खोकी, खाली लाकडं आणि डिझेल. तीन बाजूंनी ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे उभे, आणि लांबवर माणसांच्या आडोशाला एक भिंत. खोकी पेटवायची, आतलं जे फुटायचं ते फुटू द्यायचं आणि आग विझली की पत्र्यांना भोकं पडलीत का ते बघायचं. एवढ्यावर ठरतं की माल रस्त्याने कसा जाणार. या वेळी खोक्यांत मोटारीतल्या एअरबॅगची नळकांडी होती. गाडी आदळली की नळकांड्यातली दारू पेटते आणि पिशवी फुगते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. तीच नळकांडी आगीत नुसती फुसफुसली, अंगाने अख्खी राहिली, तर माल किरकोळ धोक्याचा. अंग फाटून तुकडे उडाले, तर माल स्फोटक. मग गाडी वेगळी, गोदाम वेगळं, परवाना वेगळा आणि खोक्यावर नारिंगी चौकोन.

तो चौकोन काही शोभेसाठी नसतो. गोदामाला आग लागली आणि बंबवाल्यांना तो दिसला, तर ते लांब थांबून पाणी मारतात. नाही दिसला, तर पाइप खांद्यावर टाकून दारापर्यंत जातात.

आगवालीचा धाकटा भाऊ बंबावर होता. सगळे त्याला बारक्या म्हणत. दारातून वाकून आत यावं लागायचं असा आडदांड गडी, पण घरात पडलेलं नाव बंबाच्या ठाण्यापर्यंत पोचलं होतं. मैदानात आग पेटवायची तर बंब हजर हवा हा नियम, त्यामुळे बहिणीच्या चाचणीला बहुधा तोच यायचा. आताही भिंतीआडून बाहेर आला आणि तिच्या तळहातावर वाकला.

"काय गं ताई, दात पडला का कुणाचा?"

"तुझा पडला असता. पत्रा फाडून आलाय."

खड्डा निवल्यावर तिने नळकांडी एकेक उचलून ओळीने मांडली. एकाचं पोट उसवलेलं होतं. तुकडा तिथे टेकवला, तर उचकटलेल्या फरशीचा टवका जागेवर बसावा तसा बसला. आता बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, असं तिला वाटलं.

सरांना तसं वाटलं नाही. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. हिला कामाला घेतलं त्यांनी, शिकवलं त्यांनी, आगवाली हे नावही त्यांनीच ठेवलं. त्यांच्या खोलीत नळकांडी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, आणि बुटांना मैदानातली चिमूटभरही धूळ नाही.

"हा तुकडा उडाला, मान्य," सर म्हणाले. "का उडाला ते सांग."

"नळकांडं फाटलं म्हणून उडाला."

"आणि ते फाटलं कशाने? तू खोक्यांना लोखंडी पट्टी आवळलीस म्हणून. ही खोकी बाजारात पट्टी लावून जातात का?"

पट्टी तिनेच आवळली होती, हे खरं. मागच्या खेपेला याच कंपनीची जरा लहान मापाची नळकांडी आली होती. तेव्हा पट्टी नव्हती. पुठ्ठा जळाला, ढीग ढासळला आणि नळकांडी जाळीच्या कडेवरून घरंगळत खड्ड्यात, राखेत गेली. जे काही फुटलं ते राखेत फुटलं. पत्रे कोरे राहिले आणि माल पास झाला. खाली सही तिचीच होती. तेव्हापासून तिला ते टोचत होतं, म्हणून या वेळी ढीग जागेवर राहावा असा बंदोबस्त तिने केला. आणि आता तोच बंदोबस्त तिच्या अंगावर ढकलला जात होता.

"पट्टी खोक्यांना होती सर, नळकांड्यांना नाही. पुठ्ठा जळाल्यावर ती सैल पडली, आवळणार काय कपाळ? आणि ढीग जाळीवर राहावा म्हणून बांधायला नियमाची ना नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"बांधलंच पाहिजे असंही नाही. उद्या सकाळी पट्टीशिवाय पुन्हा करायची."

"म्हणजे पुन्हा सगळं राखेत जाईल आणि पत्रे कोरे राहतील."

"मग पास होईल," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

कंपनीवाला पुढे सरकला. "मॅडम, या वस्तूने माणसं वाचतात हो. स्फोटक ठरवलंत तर कुठलं गॅरेज ठेवून घेणार? दुरुस्तीच्या गाड्या एअरबॅगशिवाय फिरतील. त्यात कुणी मेलं तर ते कुणाच्या माथी?"

त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. अशी माणसं कधीच अगदी खोटं बोलत नाहीत, म्हणून तर त्यांना पगार मिळतो. आगवालीने तुकडा रुमालात गुंडाळला आणि ती बाहेर पडली.

घरी तिघंच. ती, बारक्या आणि त्याची बायको. जेवायला बसल्यावर बारक्याने तिच्याकडून सगळं काढून घेतलं, आणि भावजयीने ते ऐकलं.

"ताई, तुम्ही सही करू नका, एवढंच ना?" ती म्हणाली.

"मी नाही केली तर सर करतील. पत्रे कोरे असले की कोणीही करेल."

"आणि मग ह्यांना कसं कळणार, आत काय आहे ते?"

"आम्हाला काय कळतंय डोंबल," बारक्या तोंडातल्या घासासकट म्हणाला. "धुरात स्टिकर दिसला तर दिसला. स्टिकरवर किरकोळ लिहिलंय ना? मग चल आत. तिथे उभं राहून कोण विचार करतो, सही कुणाची आहे म्हणून?"

"अहो, जेवताना तरी जरा चांगलं बोला," बायको म्हणाली, आणि तिने त्याच्या ताटात आणखी वाढलं.

सकाळी खोकी जाळीवर चढली, पट्टीशिवाय. सर आले, कंपनीवाला आला, बंब आला. या मैदानाची एक रीत होती, सरांनीच घालून दिलेली. आग पेटायची ती भिंतीआडच्या पेटीवरून, आणि पेटीची किल्ली एकच. मैदानातून जो सगळ्यात शेवटी बाहेर येईल, त्याच्या गळ्यात ती अडकवायची आणि पेटवायचं त्यानेच. म्हणजे आत माणूस असताना चुकूनसुद्धा ठिणगी पडायला नको. एरवी शेवटची बाहेर पडायची ती आगवाली. आताही ती खोक्यांवर नजर फिरवून बाहेर आली, किल्ली गळ्यात घातली आणि पेटीकडे जायच्या ऐवजी सरांच्या समोर उभी राहिली.

"सर, किरकोळ धोका म्हणजे काय हो?"

"आता शिकवणी घेऊ का तुझी?"

"म्हणजे बंबवाल्याला जवळ उभं राहून आग विझवता येते. एवढाच त्याचा अर्थ ना? मग चला. तुम्ही, मी आणि हे साहेब, तिघं जाऊन उभे राहू, बंबवाले जिथे उभे राहतात तिथे. पेटवू दे दुसऱ्या कोणाला."

कंपनीवाला हसला. हसताना एक पाऊल मागे सरकला, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

"डोकं फिरलंय तुझं," सर म्हणाले.

तिला एवढंच हवं होतं. त्या दोघांनी सगळ्यांसमोर जवळ उभं राहायला नकार दिला की तिचं काम झालं होतं. पण ऐकणारा तिसराही होता. बारक्याने शिरस्त्राण चढवलं, पाइप खांद्यावर टाकला आणि भिंतीला वळसा घालून सरळ मैदानात गेला. पत्र्यांच्या आतल्या बाजूला, खोक्यांसमोर उभा राहिला.

"मी राहतो," तो तिथून ओरडला. "उद्या गोदामात जायचंच आहे. आज उजेडात बघून तरी घेतो!"

टोमणा आगवालीने मारला होता दोघा शहाण्यांना, आणि तो जाऊन लागला तिच्याच माणसाला. किल्ली गळ्यात असूनही तिने मुठीत धरली, जणू ती आपोआप फिरेल.

"बारक्या, बाहेर ये! गाढवा, तुझ्यासाठी नव्हतं म्हटलं मी!"

"तू गप्प बस गं ताई. सर, तुम्ही सांगा. किरकोळ असेल तर उभा राहतो, स्फोटक असेल तर निघतो. तुमचा शब्द शेवटचा."

कंपनीवाला म्हणाला, "हा काय तमाशा आहे?" पण सरांकडे बघून नाही, जमिनीकडे बघून.

"बाहेर ये," सर अखेर म्हणाले.

"का?"

"बाहेर ये म्हटलं ना! मरायचंय का तुला?" सरांचा आवाज फाटला. तोंडातून काय निघून गेलं ते कळायला त्यांना एक क्षण लागला. बंबावरच्या बाकीच्या गड्यांनी माना वळवल्या.

बारक्या सावकाश चालत बाहेर आला. सरांनी कपाळ पुसलं आणि आगवालीपुढे हात केला. "झालं तुमचं नाटक? दे ती किल्ली, मी पेटवतो."

"तुम्हाला कशी देऊ? तुम्ही तर आत गेलाच नाहीत." तिने किल्ली गळ्यातून काढली. शिरस्त्राणावरून ती दोरी भावाच्या गळ्यात टाकायला तिला टाचा उंचवाव्या लागल्या. "शेवटचा हा बाहेर आलाय. रीत तुमचीच आहे, सर."

"मी नाही पेटवत," बारक्या म्हणाला. "आणि मी बंब घेऊन चाललो ठाण्यावर. बंबाशिवाय पेटवा बघू."

"मग निकाल कालचा," आगवाली म्हणाली. "चाचणी झाली ती एकच. तुकडा उडाला, माल स्फोटक. मी तसं परवाना देणाऱ्यांना कळवणार."

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. तिने शिव्यांची तयारी ठेवली होती, पण हे तिला जास्त झोंबलं.

जिंकलं म्हणावं असं तिथे काही नव्हतं. कंपनीच्या माणसांनी खोकी उतरवली आणि भराभर आपल्या गाडीत चढवली. इस्त्रीवाला जाता जाता म्हणाला, "जगात आगी लावायच्या जागा काय कमी आहेत, मॅडम? दुसरीकडे पट्ट्या बांधत नाहीत." दार आपटून गाडी गेली.

बारक्याने गड्यांना बंबात बसून राहायला सांगितलं आणि बहिणीजवळ आला.

"तिकडे पास झाला तर?"

"होईलच."

"मग तिथल्या बंबावर जो असेल..."

बारक्याने हात पुढे केला. "तो तुकडा दे मला. आमच्यात कागद कोणी वाचत नाही. असलं काही हातात ठेवलं की बरोबर समजतं."

"हा नाही देता येणार. निकालाबरोबर हा जाईल."

"मग दुसरा शोध."

मग तिची नजर खड्ड्याकडे गेली. मागच्या खेपेची राख कोणी उपसून नेली नव्हती. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात ओढून ठेवली होती, तिथे ती घट्ट होऊन बसली होती. तो माल पास झाला होता. त्याची खोकी या घटकेला रस्त्यावर होती, गोदामांत होती, नारिंगी चौकोनाशिवाय, तिच्या सहीवर.

ती खड्ड्यात उतरली. फावडं होतं, पण तिने ते घेतलं नाही. गुडघे टेकून हातांनीच राख उकरायला लागली. बारक्याही उतरला. राखेची ढेकळं फुटत होती आणि दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

तिचं बोट कशाला तरी लागून चिरलं. तिने तो तुकडा ओढून काढला, बाहीवर पुसला. वाकलेला, कडा वस्तऱ्यासारख्या.

"कालचाच ना?" बारक्याने विचारलं. त्याला दुसरं उत्तर नको होतं.

"नाही," आगवाली म्हणाली, आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवून पुन्हा राखेत हात घातला.