एकादशीला कोरडी राहिलेली वाटी

या मित्रांनो, जरा पुढे सरका. भिंतीला टेकू नका. कीर्तनात टेकून बसलं की डोळा लागतो, हे मी पाहिलं आहे. आज तुम्हाला एक आख्यान सांगते. त्यात राजा नाही, राक्षस नाही. खिचडी मात्र आहे.

मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. माझ्या काठाला पोचा आहे आणि बुडावर ‘अनुसयाबाई’ हे नाव कोरलेलं आहे. ती वासुदेव गुरुजींची आई. आर्वीच्या दुकानात नाव कोरताना मला फार गुदगुल्या झाल्या होत्या. तिच्या घरी मी बरीच वर्षं वरणाने भरून पानात बसले. मग एक दिवस गुरुजींच्या डब्याबरोबर शाळेत आले आणि तिथलीच झाले.

शाळा लहान. दोन शिक्षक आणि छत्तीस मुलं. मोठे गुरुजी आमचे वासुदेव गुरुजी, आणि नालवाडीहून स्कूटीने येणाऱ्या छाया मॅडम. गुरुजींना कीर्तनाचं भारी वेड. पाढेसुद्धा ते कीर्तनासारखे शिकवत. स्वतः उभे राहून ‘बारा चोक’ म्हणत आणि मुलं टाळकऱ्यांसारखी मागून ‘अठ्ठेचाळीस’ उचलत. पण पाढा रंगात आला की हमखास फोन वाजे. ‘माहिती आजच पाठवा, तातडीने.’ मग गुरुजी नेटवर्क शोधायला कडुनिंबाखालच्या बाकावर चढत. एक हात आभाळाकडे आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पोरं म्हणत, ‘गुरुजी देवाले फोन लावून राह्यले.’

माझं काम एकच, पण मानाचं. मुलांच्या आधी शिक्षकाने खिचडी चाखायची आणि चव नोंदवहीत लिहायची. मंदाबाई, आमच्या स्वयंपाकीण, मला भरून आणत. गुरुजी घास घेत, डोळे मिटत आणि रोज तेच सांगत, “मंदाबाई, मीठ थोडं कमी आहे.” मंदाबाई “हो जी” म्हणत आणि पातेल्यात मूठ सोडत. मग नोंदवहीत ‘चव उत्तम’ आणि खाली सही.

एकादशीला गुरुजींचा उपास. त्या दिवशी छाया मॅडम चाखत. पण एका एकादशीला मॅडम प्रशिक्षणाला आर्वीला गेल्या होत्या. गुरुजी बाकावर चढलेले, फोनवर कसली तरी माहिती अडकलेली. मंदाबाईंनी दारातून विचारलं, “गुरुजी, खिचडी झाली जी. काय करू?”

गुरुजींनी वळूनही न पाहता सांगितलं, “मीठ थोडं कमी आहे.”

जिभेची सवय, मित्रांनो. मी तर खिडकीत कोरडी पालथी पडले होते. मंदाबाई क्षणभर थबकल्या. पण गुरुजींचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. मूठ सोडली. बाकावरून उतरून गुरुजींनी नोंदवहीत लिहिलं, ‘चव उत्तम’.

आणि नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख धनंजय सर तपासणीला आले. पंगत बसली होती. तिसरीतली गुंजन एक घास खाऊन नुसती पाणी पीत होती. सरांनी तिच्या ताटातलं चिमूटभर तोंडात टाकलं आणि त्यांचा चेहरा आवळ्यासारखा झाला.

“मंदाबाई, हे काय आहे? लेकरं कशी खातील?” त्यांनी नोंदवही उघडली. “इथे तर उत्तम लिहिलं आहे. म्हणजे गुरुजींनी चाखल्यावर तुम्ही मीठ टाकलं. अशानं आम्हाला दुसरी बाई पाहावी लागेल.”

मंदाबाई खाली पाहत उभ्या राहिल्या. अकरा वर्षांची चूल होती ती त्यांची. गुरुजींनी चाखलंच नाही, एवढं एक वाक्य त्यांना पुरलं असतं. त्या ते बोलल्या नाहीत. खरं काय ते त्यांना, गुरुजींना आणि मलाच ठाऊक होतं, आणि वाटीला कोण विचारतं?

गुरुजी उठले. त्यांनी मला खिडकीतून उचललं, धोतराच्या टोकाने पुसलं आणि पातेल्यातली खिचडी माझ्यात घेतली.

“गुरुजी, आज एकादशी आहे जी,” मंदाबाई हळूच म्हणाल्या.

“एकादशी माही आहे, मंदाबाई. लेकरांची नाई.”

सगळ्यांसमोर त्यांनी ती खारट खिचडी संपवली. डोळ्यांत पाणी आलं, ते मिठाचं की कसलं, मी विचारलं नाही. मग नोंदवहीतलं ‘उत्तम’ खोडून लिहिलं, ‘न चाखता सही केली. मीठ मीच टाकायला सांगितलं. चूक माझी.’

धनंजय सरांनी ते दोनदा वाचलं. “गुरुजी, मी इतक्या शाळा पाहतो,” ते म्हणाले, “असा शेरा पहिल्यांदा वाचला.” दुसऱ्या बाईचा विषय तिथेच संपला. मंदाबाईंनी तेवढाच भात बिनमिठाचा शिजवून त्यात मिसळला. सर पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसले आणि दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी नीट चाखून सांगितलं, “मंदाबाई, आज खरंच मीठ कमी आहे.”

“रोजच असते जी.”

“काऊन?”

“तुमाले काहीतरी सांगाले पायजे ना. म्हणून मी मूठभर मांगं ठेवतो. काल तुमचा उपास होता, म्हणून पुरतं टाकलं होतं.”

गुरुजी इतके हसले की मी त्यांच्या हातातून पडले. हा पोचा तेव्हाचा.

आता गुरुजी निवृत्त झाले आहेत. जाताना मला घरी नेतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मला छाया मॅडमच्या हाती दिलं. मी जुनी झाले, चकाकी गेली, तरी रोज विसळून खिडकीत ठेवतात; भांड्याला आणखी काय हवं?

मित्रांनो, एवढंच मागते. शाळेत पंगतीला बसाल तेव्हा पहिल्या घासाला मंदाबाईंची आठवण काढा. त्या अजूनही सगळ्यांच्या मागून जेवतात. आणि मीठ कमी वाटलं तर जाऊन सांगा. त्या वाटच पाहत असतात.