नीळ उतरेपर्यंत

घनश्याम मास्तर देव मानत नसे आणि गावभर तसं सांगत फिरे. पण कोसंबीच्या दंडारीत, त्या रात्रभर चालणाऱ्या सोंगांच्या खेळात, देवाच्या तोंडचं बोलणं लिहायचा तोच. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाला लिहिताच येत नव्हतं. देवाचं सोंग घ्यायचा इस्तारी. वैनगंगेवर डोंगा चालवणारा, तळ्यात जाळं टाकणारा ढिवर. अंगानं काटक आणि मनानं इतका भाविक की जाळ्यात मासा आला तरी आधी नदीला हात जोडी. दोघांची दोस्ती लहानपणापासूनची आणि भांडणही तेव्हापासूनचंच.

"तुहा देव मले पुसून बोलते," मास्तर चिडवी.

"आन तुले कोन सुचवते, ते कुठी ठाव हाय तुले?" इस्तारी शांतपणे विचारी. मग दोघं हसत आणि वाद उद्यावर जाई. असे कित्येक उद्या झाले होते.

त्या दंडारीचा एक नेम होता. किसनदेवाच्या अंगाला एकदा नीळ चढली की तो इस्तारी नव्हे. त्याचं नाव घ्यायचं नाही, घरातलं बरंवाईट कानावर घालायचं नाही, आणि त्यानंही लिहिलेल्या बोलण्यापलीकडे अवाक्षर काढायचं नाही. सकाळी तळ्यावर नीळ उतरली की मग संसार. सगळे हा नेम पाळत. मास्तर तेवढा मुद्दाम जवळ जाऊन म्हणे, "इस्तारी, घे, बिडी ओढ." देव त्याच्याकडे बघतही नसे; पण बिडी मात्र मुकाट्यानं घेई.

त्या दिवाळीत इस्तारीची बायको कुंता तापानं पडली. इस्तारीनं अंगारा लावला, मास्तरनं कोयनेलच्या गोळ्या दिल्या, आणि कशानं का होईना ताप उतरला. तेवढ्यावर दोघंही आपापला विजय सांगत, दंडार घेऊन, ब्रह्मपुरीकडच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला निघाले. सहा कोसांची वाट, मध्ये नदी.

मंडईच्या दिवशी, दिवस कलला असताना, कुंताचा भाऊ मंगरू धापा टाकत आला आणि आधी मास्तरला शोधू लागला. आपण शिकलेले म्हणून आपल्याला विचारत असेल, असं मास्तरला वाटलं. ताप उलटला होता, डोक्यात गेला होता. शुद्धीवर आली की कुंता एकच विचारी, ते आले का.

दंडारीचा प्रमुख पत्रू बाजूलाच होता. तिकडे आंब्याखाली इस्तारी नीळ लावून, बेगडाचा मुकुट घालून बसला होता आणि बाया पायांवर डोकं ठेवून जात होत्या. पत्रू म्हणाला, नीळ चढली, आता सकाळीच. मंगरूनं लांबूनच आपल्या भाटव्याला, बहिणीच्या नवऱ्याला हात जोडले. त्याचीही जीभ उचलेना. "तुमी नाई मानत," पत्रू मास्तरला म्हणाला, "तुमचं तुमी पाहा."

मास्तर बिडी घेऊन आंब्याखाली गेला. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द ओठांवर आला आणि त्याच्या मनात भलतंच शिरलं. हा असाच उठेल, निळ्या अंगानं धावेल, आणि कुंताचं काही झालं तर मरेपर्यंत म्हणेल की मी नेम मोडला, म्हणून देवानं तिला नेलं. त्याला उभ्या जन्मात कुणी तसं नाही म्हणून पटवू शकणार नाही, मास्तर तर नाहीच. हे ओझं मित्राच्या डोक्यावर द्यायचं मास्तरच्या जिवावर आलं. ज्या देवाशी आयुष्यभर भांडला, त्याला तो त्या संध्याकाळी पहिल्यांदा भ्याला, तेही दुसऱ्याच्या वतीनं. त्यानं बिडी पुढं केली आणि नाव न घेता परत आला. मंगरू तिथंच सकाळची वाट बघत थांबला.

दंडार द्रौपदीची होती. द्रौपदीनं हाक मारताच देवानं धावून यायचं होतं, आणि आडोशाला उभं राहून मास्तरनंच त्याला म्हणायला लावलं, "हाक मारशील तिथं मी आहेच." लोकांनी डोळे पुसले. मास्तरला आपल्याच अक्षरांची किळस आली.

सकाळी तळ्यावर इस्तारीचं तोंड धुऊन होताच मास्तरनं सांगितलं. मंगरू कधी आला होता, एवढंच इस्तारीनं विचारलं. दिवस बुडायच्या आधी, मास्तर म्हणाला.

"मंगरू दिसला होता मले," इस्तारी म्हणाला. "छातीत धस्स झालं. मंग तू आला, बिडी देल्ली, काई बोल्ला नाई. मले वाटलं, कुंता बरी हाय. बाकीचे नाई सांगत, घनश्याम सांगल्याबिगर राह्यत नाई."

वाटेत मंगरू मागं राहिला तेव्हा मास्तरनं आपलं कारण सांगितलं, सगळं, रडत रडत. इस्तारी न थांबता चालत होता. "माह्या देवाचा लय इचार केला तू," तो इतकंच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरला बरं वाटलं असतं. नदीवर इस्तारीनं स्वतः डोंगा हाकला, काठावर उडी टाकली आणि मागं न बघता पळत सुटला.

कुंता पहाटे गेली होती. मधरातीपर्यंत शुद्धीवर होती, म्हणजे सांजेला निघालेला माणूस पोचला असता. आत इस्तारीनं फोडलेला हंबरडा ऐकून मास्तर दारातच थिजला. कुंताची आई इंदिराबाई ओसरीवर बसली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. म्हातारीनं मास्तरचा हात धरून खाली बसवलं.

"मंगरूले तिनंच धाडलं, मास्तर," ती म्हणाली. "म्हणे, पत्रूभाऊले सांगजो नोको, गुरुजीले सांगजो. ते देवाले भेत नाईत, ते उठवतीन त्याईले. मी पानी पाजाले गेली तं मान हालवे. म्हणे, गुरुजी हायेत तिथी, ते त्याईले घेऊन निंगालेच असतीन, आले का मंग पिईन."