मरियमचा उजवा पाय

अबोलीचा आईवर भारी जीव, पण त्या सकाळी ‘या बाईंना मी ओळखत नाही’ असं सांगून मोकळं व्हावं, असं तिला वाटलं.

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका छोट्या म्युझियममध्ये ती जुन्या भित्तिचित्रांची डागडुजी करायची. इटलीतल्या कुठल्याशा खेड्यातलं सातशे वर्षांचं चर्च पडायला आलं, तेव्हा भिंतीवरून उतरवून आणलेली मरियम आणि तिचं बाळ आता अबोलीच्या हवाली होती. चित्र बरंचसं शाबूत, फक्त मरियमच्या उजव्या पायाची बोटं पुसली गेलेली. ओल लागली असणार, असं अबोलीनं ठरवून टाकलं आणि अख्खा हिवाळा त्या बोटांसाठी रंग जुळवण्यात घालवला. सोमवारी बोटं रंगवायची. काम साधलं तर नोकरी पक्की, नाहीतर नोकरीबरोबर व्हिसाही जाणार.

नागपूरहून आलेल्या आईला ती हौसेनं चित्र दाखवायला घेऊन गेली. तिच्या बॉस, मार्गारेट, शेजारीच उभ्या होत्या.

“अगंबाई, किती गोड लेकरू!” म्हणत आईनं सवयीनं बूट काढले, वाकली, आणि कोणी काही बोलायच्या आत तिचा हात मरियमच्या पुढे आलेल्या उजव्या पायाला लागून कपाळाकडे गेलाही.

“आई! टच नाही करायचं!” अबोली किंचाळली.

आईचा चेहरा एवढासा झाला. मार्गारेट भिंग घेऊन वाकल्या. अबोलीनं तोवर मनातल्या मनात बॅगा भरून टाकल्या होत्या.

“चित्राला काही झालेलं नाही,” मार्गारेट म्हणाल्या. “पण त्यांना विचार, हात नेमका तिथेच का लावला?”

अबोलीनं विचारलं.

“मग कुठं लावणार? पायाच पडतो ना आपण?”

अबोलीनं पुन्हा पायाकडे नीट पाहिलं. आईचा हात लागला, तेवढ्याच जागी रंग नव्हता. शेजारचा डावा पाय तर ठणठणीत होता. ओल काय एकच पाय निवडून लागते? त्या खेड्यातल्या आयाबायांनी पिढ्यानपिढ्या हात लावून ती बोटं झिजवली होती, आणि ही शहाणी त्यांच्यावर रंग फासायला निघाली होती!

“बोटं रंगवायची नाहीत,” ती मार्गारेटना म्हणाली. “ते नुकसान नाहीये. तो नमस्कार आहे.”

मार्गारेटनी भिंग पुन्हा त्या पायावर धरलं. “खरंय. मग सोमवारी पुढचं चित्र घे,” त्या म्हणाल्या. “तुझी जागा पक्की. आणि आईचे आभार मान.”

आई अजून बूट हातात धरून, चोरी पकडल्यासारखी कोपऱ्यात उभी होती. अबोली तिच्यापुढे वाकली.

“हे काय गं मधेच?”

“तिच्या पायांना हात लावायची परवानगी नाही,” डोळे पुसत अबोली म्हणाली. “तुझ्या पायांना आहे.”