स्टूलवर संपणारा सिनेमा

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी नंबर मिळायचा आणि मग मत. मत फुकट असे, पण ते घेतल्याशिवाय सुटका नसे. दुकानदाराला अख्खा बाजार चष्मेवाले म्हणे. काच घासता घासता ते सांगत, की हल्लीच्या सिनेमात माणसं कमी आणि ड्रोन जास्त. नायक जिना उतरतो तोही इतका सावकाश, की तो खाली पोचेपर्यंत प्रेक्षकाचा नंबर वाढावा. कुठे रडायचं हे व्हायोलिन आधीच सांगून ठेवतं. जुन्या सिनेमाबद्दल मात्र ते एक शब्द ऐकून घेत नसत. जुन्यात विनोदी मेव्हण्यापायी अर्धा अर्धा तास वाया जायचा हे त्यांनाही ठाऊक होतं, पण आपल्या घरचं कोणी चव्हाट्यावर मांडत नाही.

या सगळ्या मतांचा पाया होता तरुणपणी पाहिलेला एक सिनेमा. दोन सुतार भाऊ भांडून वेगळे होतात. वीस वर्षांनी थोरला धाकट्याच्या कारखान्याच्या दारात येऊन उभा राहतो. धाकटा रंधा मारतच राहतो, मान वर करत नाही, फक्त पायाने एक स्टूल पुढे सरकवतो. संपला सिनेमा. चष्मेवाल्यांनी तो एकाच थिएटरात अकरा वेळा पाहिला. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला : मुक्काम आला की उतरावं, गाडीत बसून राहू नये.

हे पुराण सर्वांत जास्त वेळा ऐकलं ते ऑपरेटरने. त्या थिएटरात मशीन तोच चालवायचा. थिएटर बंद पडल्यापासून तो रोज सकाळी दुकानाच्या बाकावर पेपर वाचायला येई. मधेच त्याने तोंड उघडलं की चष्मेवाले म्हणत, "तुला रिळं फिरवण्यातलं कळतं, सिनेमातलं नाही." ऑपरेटर पेपरचं पान उलटायचा.

चष्मेवाल्यांची मुलगी सिनेमाची एडिटर झाली, तेव्हा ते बाजारभर मिरवले. तिचा पहिला सिनेमा लागला. खेळ सुटल्यावर दिग्दर्शकाच्या देखत ते तिला म्हणाले, "अगं, वीस मिनिटं आधीच संपला होता तुझा सिनेमा. तुला कळलंच नाही." त्या दिवसापासून मुलगी बापाशी बोले ती रक्तदाबाच्या गोळ्या आणि गळका नळ एवढ्यापुरतीच. याला वर्ष झालं होतं. चष्मेवाल्यांना ते फार लागलं होतं. ती त्यांच्याशी सिनेमावरून भांडतच लहानाची मोठी झाली होती, आणि आता घरात भांडणही उरलं नव्हतं. पण चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मुलीने पुन्हा सिनेमावर बोलावं असं त्यांना मनापासून वाटे, फक्त ती चुकली हे तिनेच आधी म्हणावं, एवढी अट होती.

अशात त्या जुन्या सिनेमाची मूळ प्रत कुठल्याशा गोदामात सापडली आणि फिल्म क्लबने रविवारी सकाळी खेळ ठेवला. खेळानंतर चष्मेवाल्यांचं भाषण. त्यांनी त्या सिनेमाच्या दिग्दर्शकाच्या कौतुकाची चार पानं लिहून काढली आणि मुलीला म्हणाले, "चल, शेवट कशाला म्हणतात ते बघ." ती आली. तिसऱ्या रांगेत एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ऑपरेटर. ऑपरेटरला यायचं नव्हतं. त्याने गुडघ्याचं निमित्तही सांगून पाहिलं होतं.

धाकट्याने स्टूल सरकवलं. चष्मेवाले उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.

"काका, बसा की खाली," मागून आवाज आला.

सिनेमा चालूच होता. थोरला स्टूलवर बसला. दोघे गळ्यात गळा घालून रडले. मेव्हणा आला. मुलामुलींची लग्नं जुळली, गाणं झालं, आणि शेवटी थोरल्याने प्रेक्षकांकडे तोंड करून भाऊबंदकीवर व्याख्यान दिलं. चष्मेवाले बसले होते, पण कसे बसले ते त्यांनाच आठवत नव्हतं. ऑपरेटर स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"तू?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"मालक म्हणाले, दिवसात चार खेळ बसत नाहीत, बारा मिनिटं काढ. कुठली, ते नाही सांगितलं." ऑपरेटर हळू आवाजात म्हणाला. "सात खेळ नुसती माणसं बघितली. स्टूल सरकलं की सगळं थिएटर गप्प व्हायचं. पुढे चुळबूळ सुरू. मग तिथेच कापलं."

"आणि मला एवढी वर्षं बोलला नाहीस?"

"आधी नोकरीची भीती होती. मग तुम्ही रोज कौतुक करायला लागलात. दुसऱ्याच्या नावाने का होईना, ऐकायला बरं वाटायचं."

तेवढ्यात भाषणासाठी नाव पुकारलं. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढेपर्यंत चष्मेवाल्यांना एक पळवाट सुचली होती : हा शेवट निर्मात्याने मागाहून चिकटवला, असं सांगून टाकावं. कोण विचारायला येणार होतं? मुलगी त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी चारही पानं खिशात कोंबली.

"मी आयुष्यभर चुकीच्या माणसाचं कौतुक केलं," ते म्हणाले. "हा सिनेमा जिथे संपायला हवा तिथे ज्याने संपवला, तो तिसऱ्या रांगेत बसलाय. आणि मी त्यालाच रोज सांगत आलो, की तुला सिनेमातलं कळत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑपरेटर काही उठला नाही.

बाहेर आल्यावर मुलीने बापाला ओलांडून ऑपरेटरला गाठलं. "काका, माझा सिनेमा पाहिलात?"

"दोनदा."

"शेवटची वीस मिनिटं कापली असतीत?"

ऑपरेटरने चष्मेवाल्यांकडे एकदा पाहिलं. "नाही, पोरी. तोवर ती बाई फक्त गप्प असते. का गप्प आहे, ते त्या वीस मिनिटांतच कळतं. तिथे कात्री लावायला जागा नाही."

चष्मेवाले सवयीने काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. ती बाई का गप्प होती, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"मी तिथेच उठलो होतो," ते मुलीला म्हणाले. "मला वाटलं, आला मुक्काम. बाहेर जाऊन उभा राहिलो. शेवट मी पाहिलेलाच नाही गं."

"माहीत आहे," मुलगी म्हणाली. "मी दाराशीच उभी होते, बाबा. तुम्ही माझ्या अंगावरूनच बाहेर गेलात."