गंजीला वळसा

गवताची गंजी अर्धी चढली होती. बघूतात्या तिच्या डोक्यावर उभा राहून खालून येणाऱ्या पेंढ्या झेलत होता आणि पायाने दाबत होता. पेंढ्या फेकत होता त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. हातापेक्षा त्याचं तोंड जोरात चाललं होतं.

तात्याला हे नाव गावाने दिलं होतं. म्हैस विकणार का, छप्पर कधी शाकारणार, जेवलास का, काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू." आई-बापाने ठेवलेलं नाव त्याचं त्यालाही चटकन आठवत नसे.

गवत कापून नुकतंच आडवं झालं होतं. अजून चांगलं उन्हात पडायला हवं होतं. पण डोंगरामागून काळा ढग वर आला आणि मेहुण्याच्या अंगात आलं. त्याचं स्वतःचं गवतही त्याने त्याच सकाळी रचून टाकलं होतं. आता तो बहिणीच्या घरावर उपकार करायला आला होता.

"दाजी, माझा आतला आवाज सांगतोय, आजच रचा!"

हा आतला आवाज मेहुण्याने शहरातून आणला होता. तिथे एका मोठ्या मांडवात कुणी गुळगुळीत बोलणारा गृहस्थ म्हणाला होता, माणसाने आतल्या आवाजाचं ऐकावं. तेव्हापासून मेहुणा स्वतःचं कमी ऐकायचा आणि दुसऱ्यांना जास्त ऐकवायचा.

तात्याच्या पायांना मात्र काहीतरी खटकत होतं. वाळलेलं गवत पायाखाली कुरकुरतं. हे मुकाट्याने दबत होतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"अरे, थोडं ऊन लागू दिलं असतं तर..." तो वरून पुटपुटला.

"दाजी, ही तुमची भीती बोलतेय. आवाज वेगळा, भीती वेगळी!"

रस्त्याने चाललेला गिरणीवाला कुंपणापाशी थांबला. फुकटचा सल्ला द्यायची संधी सोडील तर तो गिरणीवाला कसला. "तात्या, ऐकावं जनाचं, करावं मनाचं!" तो ओरडला. "आणि माझं ऐकशील तर आजच रच."

बायको गोठ्याच्या दारात उभी होती. तिने एक मूठ गवत पिळून पाहिलं, नाक मुरडलं आणि भावाकडे बघून गप्प बसली. थोरल्या भावाला चार लोकांत काय बोलणार? गंजी पुरी झाली, अगदी गोठ्याच्या भिंतीला लागून. ढग डोक्यावरून गेला, पलीकडच्या गावावरही थेंब न टाकता पसार झाला. चार म्हशी आणि एक रेडकू यांचा थंडीतला सगळा घास त्या एका ढिगात होता. तो गेला तर म्हशी विकण्यावाचून गत नव्हती.

पुढचे काही दिवस तात्याने आतल्या आवाजाचा मनापासून अभ्यास केला. आवाज मोठा कनवाळू निघाला. दुपारी म्हणाला, जरा पड. जेवताना म्हणाला, अजून थोडं वाढून घे. छपराकडे बघून म्हणाला, पुढच्या आठवड्यात. जे तात्याला आधीच हवं असायचं तेच नेमकं आवाज सांगायचा.

"तुमचा तो आवाज आणि तुमचा आळस एकाच ताटात जेवतात," बायको म्हणाली. तात्या दुखावला. पण आवाजाने सांगितलं, वाद घालू नकोस, झोप. तो झोपला.

एका सकाळी तो दुधाची बादली घेऊन गोठ्यातून निघाला. घराची वाट गंजीला घासून जाते. बायको ओट्यावरून बघत होती.

"अहो, तुम्ही हल्ली गंजीला वळसा का घालता?"

"मी? कुठे?"

"कुठे काय! हातात भरली बादली, वाट इकडून, आणि तुम्ही खताच्या खड्ड्याला फेरी मारून येताय. काल तसंच, परवाही तसंच."

तात्याने आपल्या पायांकडे पाहिलं. त्यांनी हे कधीपासून चालवलंय हे त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने गंजीकडे पाहिलं. वरून सोन्यासारखी दिसत होती, गावात तिचं कौतुक झालं होतं. तरी पाय तिकडे वळेनात. त्यात आतल्या आवाजाचं ना मोठं बोलणं होतं, ना हौस. त्याला तिथे जायचं नव्हतं, एवढंच.

"आणि तू रेडकू का हलवलंस?" त्याने एकदम विचारलं. रेडकाचं दावं गंजीच्या कडेला असायचं. आता ते विहिरीजवळच्या झाडाला होतं.

बायको गोंधळली. "असंच. मला वाटलं."

"काय वाटलं?"

"ते कळलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं ना!"

तात्याने बादली खाली ठेवली. मग तात्या गंजीजवळ गेला आणि नाक लावलं. गोडसर, करपल्यासारखा वास होता, दाबलेलं ओलं गवत आतून तापून पेटायच्या आधी येतो तसा. फार नव्हता. नाही म्हणायचं तर नाही म्हणता आलं असतं, आणि आजवर तात्या असल्या गोष्टीला 'बघू' म्हणून मोकळा झाला होता.

"पाणी भरून ठेव," तो म्हणाला. "गंजी मोडतो."

रचलेली गंजी कुणी मोडत नाही. एकदा रचली की कडेने ओढून खायला घालायचं, हीच पिढ्यांची रीत. त्यामुळे तात्या दाताळं घेऊन वर चढला तशी बातमी पसरली आणि माणसं कामं टाकून आली. मेहुणा सगळ्यांच्या पुढे.

"दाजी, डोकं फिरलं का? एवढी देखणी गंजी!"

तात्याने वरचा थर खाली ओढला. खडखडीत वाळलेला. दुसराही तसाच. लोक हसायला लागले.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," गिरणीवाला म्हणाला. "इथे तर म्हशीही रिकाम्या राहणार!"

तात्याचे कान लाल झाले. खाली चांगलं गवत मातीत पसरलं होतं, वर तो एकटा मूर्खासारखा उभा होता. आतला गुळगुळीत आवाज लगेच हजर झाला. म्हणाला, उतर, हसून घालव, झालं ते झालं. आवाज इतका गोड होता की तात्याला त्याची ओळख पटली. दुपारी झोपवणारा हाच तो.

"थांबू नका," बायको खालून म्हणाली.

त्याने दाताळं खोल खुपसलं आणि ओढलं. भक्कन वाफ वर आली. खालचं गवत तपकिरी, त्याखालचं काळं. त्या काळ्यात वारा शिरला आणि एक लाल ठिणगी डोळा उघडावा तशी जागी झाली.

"पाणी!" तात्या बोंबलला.

बायकोने बादलीभर पाणी भिरकावलं. मग हसणाऱ्यांनाही हात फुटले. गिरणीवाल्याने हौदातून पाणी उपसलं, कुणी काळं गवत ओढून मोकळ्या रानात नेलं. ऊन कलेपर्यंत मधला गाभा तेवढा गेला होता. बाकीचं गवत अंगणभर पसरून वाळत होतं. गोठ्याची भिंत गरम होती, पण उभी होती. चारही म्हशी आत रवंथ करत होत्या. तात्या उंबऱ्यात बसला आणि त्याला रडू आलं. बायको शेजारी येऊन बसली.

गाव मोठं गुणी. सकाळी ज्याला वेडा म्हणालं त्याला संध्याकाळी सिद्धपुरुष करून टाकलं. दुसऱ्या दिवशी गिरणीवाला मुलीच्या स्थळाबद्दल विचारायला आला. "तात्या, तुझ्या आतून काय येतंय?" तात्या म्हणाला, "मुलीच्या आतून काय येतंय ते विचारलंस का?" गिरणीवाला म्हणाला, तिला काय कळतंय, आणि निघून गेला.

मेहुण्याला तात्याने आदल्या दिवशीच बजावलं होतं. गवत एकाच माळाचं, ढग एकच, रचायला लावणाराही एकच. तुझीही गंजी बघ. मेहुणा हसला होता. त्याचा आवाज म्हणे स्वच्छ सांगत होता, काळजीचं कारण नाही.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बहिणीला आणि दाजींना बोलावून घेतलं. सहज, चहाला. बोलत बोलत तिघं गंजीपाशी गेले. ओठाशी कप असतानाही करपल्याचा वास येत होता.

"हात घाल आत," तात्या म्हणाला.

मेहुण्याने कोपरापर्यंत हात घातला आणि किंचाळून बाहेर ओढला. तळवा लाल झाला होता. त्यावर फुंकर घालत तो अतिशय गंभीरपणे म्हणाला, "दाजी, खरं खरं सांगा. तुमचा आतला आवाज काय म्हणतो?"

"माझा कशाला विचारतोस? हात तुझा भाजलाय."

मेहुण्याने हाताकडे पाहिलं. गंजीकडे पाहिलं. कुंपणापलीकडे जमू लागलेल्या लोकांकडे पाहिलं आणि हात पाठीमागे लपवला.

"बघू," तो म्हणाला.

बायको भावाला मागे टाकून बादल्या आणायला धावली. तात्याने कप जमिनीवर ठेवला, भिंतीला टेकवलेलं दाताळं उचललं आणि कुणालाही न विचारता शिडी लावली.