डब्यावरचा हात

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून लोक काय काय आणतात. कुणी भांडी आणतं, कुणी घोंगडी. पोरं पिपाण्या आणतात आणि पुढं आठ दिवस घरादाराचं डोकं उठवतात. तेहेतीस सालच्या जत्रेतून तिप्पण्णानं उंदीर आणला. उभी जत्रा पोखरून उंदीर काढला, असं गल्लीत जो तो म्हणाला, आणि म्हणणाऱ्यांनाही दोष देता येत नाही. सोलापुरानं प्लेगाची सालं पाहिली होती. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड उचलायचं आणि माळावर झोपडी घालून राहायचं, हे ज्या गावाच्या अंगवळणी पडलेलं, तिथं हा गृहस्थ उंदीर छातीशी धरून घरी आला होता.

उंदीर पांढरा होता, लाल डोळ्यांचा, मुठीत मावेल एवढा. जत्रेत एका माणसाचा खेळ लागला होता. फळीवर गोलाकार बारा घरं आणि मधोमध एक पेटी. पेटीतून सोडलेला उंदीर ज्या घरात शिरेल त्या घराच्या आकड्याला बक्षीस. बाकीचे उंदीर तुरुतुरु धावत. हा एक तेवढा पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसे आणि खेळवाल्यानं काडीनं कितीही डिवचलं तरी बाहेर म्हणून येत नसे. तिप्पण्णा ते बघत उभा राहिला तो राहिलाच. शेवटी खेळवाल्यानं वैतागून उंदीर त्याच्याच हातावर ठेवला. बिनकामाचा आहे, घेऊन जा म्हणाला.

बिनकामाचा हा शब्द तिप्पण्णाच्या ओळखीचा होता. तीस वर्षं गिरणीच्या मागखात्यात काढल्यावर डोळ्यांना तुटका धागा दिसेनासा झाला, तेव्हा त्यालाही असंच घरी पाठवलं होतं. आता तो घरी बसून विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायचा. बायको नागव्वा गेल्या श्रावणात वारली. पोरबाळ झालंच नव्हतं. दोन खोल्या, कांड्या भरायचा एक रहाट आणि तो.

आपल्याला ऐकू कमी येतं, हे तिप्पण्णाला ठाऊक होतं. शेकडो माग एकदम धडधडत असतात तिथं तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. त्याला ठाऊक नव्हतं ते दुसरंच. त्याला वाटे, लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. आपण केवढ्यानं बोलतो याचा मात्र त्याला पत्ता नव्हता. त्यानं घरात मीठ मागितलं की शेजारीण मिठाची बरणी शोधायला लागायची. भिंतींना कान असतात म्हणतात. त्याच्या घराच्या भिंतींना असते तर त्यांनी ते केव्हाच झाकून घेतले असते. गल्लीतली पोरं त्याला भोंगा म्हणत. त्यानं पोरांच्या ओठांवर तो शब्द वाचला होता आणि त्याला तो मानाचा वाटला होता. तीस वर्षांत आपण गिरणीचा भोंगा एकदाही चुकवला नाही, हे पोरांनाही माहीत आहे, असा त्याचा समज.

ओठ वाचायला तो मागखात्यातच शिकला. तिथं कानांचा उपयोग नसतो. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलतात, बोटांनी खुणा करतात आणि मागात काही बिघडलं तर हात लावून ओळखतात. तिप्पण्णाचा तळहात तर खात्यात नावाजलेला होता. मागाच्या चौकटीवर हात टेकवून तो नुसत्या थरथरीवरून सांगायचा की आडवा धागा नेणारा धोटा अडतोय.

नागव्वा दुधनीकडची. घरात दोघांचं बोलणं कानडीत, आणि बोलणं तरी काय, तो गिरणीतून आला की पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, नीरु कोडु. पाणी दे. ती पाणी घेऊन यायची, पदर ओठांशी धरून, मान खाली घालून. तिचं बोलणं फार कमी, असं त्याला वाटायचं. दुसरं म्हणजे ती हाताची धांदरट होती. तांब्या आणला तर अर्धा वाटेतच सांडायची. ताक वाढताना वाटी लवंडायची. त्यानं तिला त्यावरून कधी बोल लावला नाही. बायकोला शिव्या देणारे, हात उगारणारे गल्लीत कमी नव्हते. आपण त्यातले नाही, आपण थंड स्वभावाचे, याचा त्याला मनातल्या मनात अभिमान होता.

तर हा उंदीर. तिप्पण्णानं रॉकेलचा रिकामा डबा आडवा केला, तोंडाला जाळी लावली, आत एक फुटकं गाडगं ठेवलं आणि त्यात कापूस भरला. पुढ्यात जोंधळे टाकले, शेंगदाणे टाकले, दुधात भिजवलेली भाकरी ठेवली. जावयाची काय बडदास्त राखतील अशी त्यानं त्या उंदराची राखली. मग डब्यासमोर मांडी घालून, मान वाकवून, त्याच्या मते अगदी गोड आवाजात म्हणाला, बा, बा. म्हणजे ये, ये. उंदीर जो गाडग्यात गेला तो संध्याकाळपर्यंत दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं हात घालून त्याला बाहेर काढलं, तर उंदीर बोटाला कडकडून चावला आणि सुटून रहाटाखाली शिरला. तिथून परत डब्यात घालायला अर्धा दिवस गेला. पंधरवड्यानं तिप्पण्णाच्या एवढं ध्यानात आलं की आपण घरात असलो की हा खात नाही. बाहेर पायरीवर जाऊन बसलं की मागं जोंधळे संपतात. मग तो तसंच करायला लागला. सकाळ-संध्याकाळ आपल्याच घरातून उठून बाहेर जायचं, तेव्हा पाहुणा जेवणार. त्याला फार वाईट वाटायचं. त्याचं मागणं काही मोठं नव्हतं. या घरात एक तरी जीव आपण न ओढता, आपल्या पायानं आपल्याजवळ यावा, एवढंच त्याला हवं होतं. एकदा आला तरी पुरे होतं.

समोरच्या उंबऱ्यात बजाबाई विड्या वळायची. नागव्वाच्या बरोबरीची, तिची जिवाभावाची मैत्रीण. म्हणून ती तिप्पण्णाला भावजी म्हणे. एका दुपारी तिप्पण्णा डबा उंबऱ्यात घेऊन बसला होता आणि उंदराला समजावत होता, की बाबा, मी तुझं काही वाकडं केलेलं नाही. सगळ्या गल्लीची झोपमोड झाली. बजाबाईनं मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवलं, ती रस्ता ओलांडून आली आणि त्याला आपले ओठ नीट दिसतील अशी समोर बसली. तुम्ही ओरडताय, म्हणून तो येत नाही, असं तिनं सांगितलं. तिप्पण्णा हसला. कोण ओरडतंय, मी तर साधं बोलतोय, म्हणाला.

बजाबाईनं वाद घातला नाही. डब्याच्या पत्र्यावर आपला तळहात टेकवला, मग त्याच्या हाताकडं बोट केलं.

"हात ठिवा हितं. आन आता त्याला बलवा, रोज बलवताय तसं."

तिप्पण्णानं हात ठेवला आणि म्हणाला, बा, बा. पत्रा त्याच्या तळहाताखाली थरथरला. माग चालू असताना चौकट थरथरायची, तसाच. पाठोपाठ आतून बारीक नखांची धडपड हाताला लागली. त्यानं हात काढला, परत ठेवला, परत बोलला. तेच झालं. हात खोटं सांगणारा नव्हता. तीस वर्षं तो त्याच हातावर विश्वास ठेवून जगला होता.

मी कायम असाच बोलतो का, असं त्यानं विचारलं. बजाबाईनं होय म्हणून मान हलवली. मग त्यानं हात पत्र्यावरून न उचलताच विचारलं, "नागव्वासंगं बी?"

बजाबाई आपल्या तंबाखूनं काळ्या पडलेल्या बोटांकडं बघायला लागली. खाली बघितलं की याला आपले ओठ दिसणार नाहीत, हे तिला कळत होतं. खाली बघूनच ती गप्प राहिली असती तर चाललं असतं. पण तिनं मान वर केली.

"ती म्हनायची, मालक लई तापट हायेत, पन हात न्हाय उगारत कदी. तेवडं देवाचं देनं. तुमी पानी मागितलं की तिचा हात कापायचा, भावजी. तांब्या त्याच्यानं सांडायचा."

"मी तिच्यावर कदी रागावलो न्हाय की," तिप्पण्णा म्हणाला.

"मला ठावं हाय."

"मग मला का न्हाय सांगितलं तिनं?"

"सांगितलं की. लई येळा सांगितलं. पदराआडनं सांगितलं." बजाबाईनं आपला पदर ओठांवर ओढून दाखवला आणि परत खाली केला. "तुमाला कुटं दिसलं?"

ती उठून आपल्या उंबऱ्यात गेली, सूप मांडीवर घेतलं, पण त्या दुपारी तिच्या हातून विड्या काही वळल्या गेल्या नाहीत.

त्यानंतर चार दिवस तिप्पण्णा बोललाच नाही. वाण्याकडं गेला तर बोटानं दाखवून जिन्नस घेतले. सूत द्यायला माणूस आला, त्यालाही खुणेनंच वाटेला लावलं. गल्लीला आधी बरं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. पोरं दारावरून जाताना डोकावून बघत. आत तिप्पण्णा नुसता बसलेला असायचा. तीस वर्षांतलं एकेक सांडलेलं पाणी त्याला आठवत होतं. त्या प्रत्येक वेळी ती खाली बसून पदरानं जमीन पुसायची, आणि प्रत्येक वेळी त्यानं विचारलं होतं, लागलं नाही ना? तेही केवढ्यानं विचारलं असेल, कोण जाणे.

चौथ्या दिवशी तो घरात असतानाच उंदीर गाडग्याच्या तोंडाशी आला. मिशा हलवल्या, एक जोंधळा उचलला आणि तिथंच बसून खाल्ला.

मग तिप्पण्णानं कामाला सुरुवात केली. नवा माग चालवायला घ्यावा तशी. एक हात पत्र्यावर ठेवायचा आणि बोलायचं. पत्रा थरथरला की थांबायचं, आवाज उतरवायचा, परत बोलायचं. कांड्यांचं काम नसलेल्या दुपारी तो हेच करत बसायचा. आठवड्याभरात त्याला एक गोष्ट कळून चुकली. स्वतःला ऐकू येईल एवढं बोललं की डबा थरथरतो. डबा गप्प राहील एवढं बोललं की स्वतःला काही ऐकू येत नाही. मधलं काही नव्हतं. जगाशी नीट बोलायचं तर त्याला इथून पुढं स्वतःचा आवाज सोडून द्यावा लागणार होता. त्यानं तो सोडला.

शिमगा झाला, ऊन तापायला लागलं. जाळी आता दिवसभर उघडीच असायची. तिप्पण्णा डब्याच्या तोंडाशी एक दाणा ठेवायचा, दुसऱ्या दिवशी वीतभर अलीकडं, मग आपल्या बोटांपाशी. हात पुढं न्यायचा नाही, बघत राहायचं नाही, घाई तर करायचीच नाही. तो गिरणीत नव्या पोरांना म्हणायचा, धागा ओढला की तुटतो. एवढं शहाणपण त्याला मागासमोर होतं, घरात ते कधी लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

एका भर दुपारी, छपराचे पत्रे तापलेले, गल्लीत चिटपाखरू नाही, तेव्हा उंदीर डब्यातून निघाला आणि चालत त्याच्या उघड्या तळहातावर येऊन बसला. पुढच्या पायांत जोंधळा धरला आणि कुरतडायला लागला. तिप्पण्णाचा दुसरा हात पत्र्यावर होता. त्याला श्वास घ्यायचीही भीती वाटली. तळहातावर एक बारीक, भरभर चाललेली धडधड लागत होती. मागाची थरथर ओळखणाऱ्या त्या हाताला ती धडधड हळूहळू उतरत गेलेली कळली. आता हा जीव भीत नव्हता.

त्याला तहान लागली होती. कोपऱ्यात माठ होता. त्यानं ओठ हलवले आणि म्हणाला, "नागव्वा, नीरु कोडु."

आवाज निघाला की नाही, त्याला कळलं नाही. पत्रा गप्प होता. पण उंदराचे कान हलले, म्हणजे निघाला असावा. कान हलले आणि तो परत दाणा खायला लागला. पळाला नाही.

तिप्पण्णानं तेच पुन्हा एकदा म्हटलं, पहिल्यापेक्षाही हळू. पाणी दे म्हणाला. सांडलं तरी असू दे म्हणाला. समोरच्या उंबऱ्यात बजाबाईनं वळत असलेली विडी तशीच हातात धरली होती. तिप्पण्णाचे डोळे भरून आले आणि पाणी गालावरून खाली आलं, पण पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

माठ चार पावलांवर होता. उठला असता तर उंदीर पळाला असता. उंदराचा दाणा संपेपर्यंत तो तसाच तहानलेला बसून राहिला.